दोरीवरच्या कोटाबद्दल

दिनांक ११ मार्च. मी, नाव वर लिहिल्याप्रमाणे, वय ५८ वर्षे, व्यवसाय वाचनालयात लिपिक, राहणार पाण्याच्या टाकीमागील बैठे घर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती शिलाई मशीन दुरुस्तीचे काम करीत. ते ९ डिसेंबर रोजी हृदयविकाराने मयत झाले. आज सकाळी मी त्यांचा करडा कोट उन्हात दोरीवर टाकला व पाणी भरायला आत गेले. फाटक वाजले म्हणून बाहेर आले तर अंगणात तीन अनोळखी इसम उभे होते. दोघे मोबाइलवर चित्रण करीत होते. दोरीवर कोट नव्हता, चिमटे तेवढे होते.

हे लोक का येतात ते सांगणे भाग आहे. अठरा वर्षांपूर्वी एक प्रसिद्ध रॉक गायक कार्यक्रम अर्धवट टाकून निघून गेला, तो पुन्हा लोकांसमोर आला नाही. तो कुठे कुठे दिसला यावर काही मंडळींनी एक छोटी गमतीची फिल्म काढली आहे. त्यासाठी ते नोव्हेंबरात आमच्या भागात चित्रण करून गेले. फिल्म मागच्या महिन्यात आली. त्यात हाच करडा कोट घातलेला, पाठमोरा आणि एका बाजूने जो माणूस दाखवला आहे, ते माझे पती आहेत.

त्यांचे केस खांद्यापर्यंत होते. कोपऱ्यावरचा न्हावी त्यांचा जुना मित्र. बुद्धिबळात त्याने खेळलेली चाल मागे घेतली, त्यावरून दोघांचे वाजले. "तुझ्या खुर्चीत पुन्हा बसणार नाही," असे हे म्हणाले. दुसऱ्या न्हाव्याकडे जाणे मात्र त्यांना बेइमानी वाटे. त्यामुळे केस वाढले. काळा चष्मा डोळ्याच्या ऑपरेशनमुळे होता.

फिल्ममध्ये ते एका शिवणकामवाल्या बाईंच्या दुकानात डोळे मिटून टेबलावर बोटांनी ताल धरताना दिसतात. "ती बोटं अजून थांबलेली नाहीत," असे मागून कोणी म्हणते. मशीनचा टाका कुठे चुकतो ते ओळखण्याची त्यांची ती पद्धत होती. त्या दिवशी त्यांनी पट्टा बदलला. त्यांना गाता येत नव्हते. शाळेत प्रार्थनेला ते नुसते ओठ हलवीत, असे सासूबाई सांगत.

त्यानंतर फिल्ममध्ये न्हावी येतो. "डोकं माझ्याच हाताखाली असतं. गेल्याच आठवड्यात येऊन गेला," असे तो सांगतो. हे चित्रण ती मंडळी जानेवारीत पुन्हा आली तेव्हाचे आहे. न्हावी अंत्यविधीला हजर होता व त्याने खांदा दिला होता. मी त्याच्या दुकानात जाऊन विचारले. तो म्हणाला, "वहिनी, खोटं बोललो, कबूल आहे. पण निदान त्या फिल्ममध्ये तरी तो माझ्या खुर्चीत बसला." माझी न्हाव्याविरुद्ध तक्रार नाही.

फिल्म काढणाऱ्या बाईंना मी फोन केला. ते माझे पती होते व आता हयात नाहीत, एवढे शेवटी लिहा, असे सांगितले. त्या म्हणाल्या, "काकू, तुमचं दुःख समजतं हो, पण मग फिल्मचा शेवटच जातो." मी म्हटले, "त्यांचा शेवट झालाय, त्याचं काय?" त्यावर, बघते, म्हणाल्या. अद्याप बघितलेले नाही.

आज अंगणातील इसमांना मी कोट मागितला. त्यांतील उंच इसम म्हणाला, "मावशी, आम्ही कुणाला सांगणार नाही. सर आत आहेत ना?" मी मृत्यूचा दाखला आणून दाखवला. तो दुसऱ्याला म्हणाला, "बघ, दाखलासुद्धा बनवून ठेवलाय! याला म्हणतात माणूस!" मी म्हटले, "अरे, मी बायको आहे त्यांची." तो म्हणाला, "हो हो, तुम्हाला असंच बोलायला सांगितलंय." झोपलेल्याला जागे करता येते, सोंग घेतलेल्याला नाही, पण हे तर सोंगही घेत नव्हते. मी दाखला परत मागितला. दाखल्याचा फोटो काढून त्यांनी तो दिला. या वेळात तिसरा इसम कोट घेऊन फाटकाबाहेर गेला होता.

कोटाची ओळख विचारल्यावरून सांगते की, डाव्या खिशाचे अस्तर पांढऱ्या दोऱ्याने हाताने शिवलेले आहे. ते मी शिवले. घरातील मशीन सहा वर्षे बंद आहे. दुनियेची मशिने दुरुस्त करून आल्यावर घरच्या मशीनला ते "उद्या बघतो" म्हणत. हाताच्या शिवणीला ते हसत, पण खिसा वापरत.

ठाण्यातील हवालदारांनी जबाब घेताना, "ताई, आपल्या दोघांत, खरंच ते नव्हते?" असे विचारले. नव्हते.

मला फिल्म बंद करायची नाही. आमच्याकडे त्यांचे सगळे फोटो ताठ उभे राहिलेले आहेत. चालताना, बोटे हलवताना ते त्या फिल्मखेरीज कुठेही नाहीत. मी ती आवाज बंद करून पाहते. त्यात ते कोण आहेत ते लिहावे व कोट परत मिळावा, एवढीच विनंती आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "सदर कलाकाराचा कोट" असे आले होते, ते खोडून "माझ्या पतीचा कोट" असे करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच उतरले आहे. हवालदार शिक्का आणायला आत गेले, तेवढ्यात मी खोडलेल्या जागेशेजारी सही केली.