चित्र आलं, आवाज कुठाय?

नाही, पण मी म्हणते, जिवंतपणी जो माणूस दिवसाला चार वाक्यं बोलत नव्हता, तो गेल्यावर एवढा बोलका कसा झाला? आणि तेही फक्त माझ्या मोठ्या दिरांशी! तुम्हाला सांगते, हे गेले आणि महिन्याच्या आत भाऊजी दारात. "अगं, तो रेनकोट... तो मला म्हणाला होता, दादा, तू घे." म्हटलं, न्या. मग ड्रिल मशीन. "तो मला म्हणाला होता." न्या! मग घड्याळ, मग जिन्याखालची शिडी... शिडी हो! माणसाच्या नाकात नळी, बोलायचं त्राण नाही, आणि तो शिडीची वाटणी करतोय? पण गेलेल्या माणसाची साक्ष काढायची कुठून? मी आतल्या आत दात-ओठ खात एकेक वस्तू देत गेले.

आणि मग एकदा भाऊजी भिंतीकडे बघत म्हणाले, "टीव्ही चांगला मोठाय, नाही? तो मला म्हणाला होता..."

बस्स! टीव्ही? ज्याच्यापुढे शेवटचं वर्षभर हे माझ्या शेजारी बसले, तो? त्याच क्षणी मला आठवलं. टीव्ही आणला त्या दिवशी लेकीने व्हिडिओ काढला होता. भाऊजी टीव्हीवरून हात फिरवतायत, आणि हे म्हणतायत, "दादा, मेलो तरी हा तुला देणार नाही!" व्हिडिओ ह्यांच्या लॅपटॉपमध्ये. म्हटलं, थांबा भाऊजी. रविवारी जेवायला या. सासूबाईंना पुढे बसवते, आणि तुमच्याच भावाच्या तोंडून, त्याच टीव्हीवर, तुमचं नाक कापते!

अडचण एकच. लॅपटॉपवर ह्यांनी एकदा पाणी सांडलं होतं, तेव्हापासून तो मुका. म्हणजे चित्रही टीव्हीवर हवं आणि आवाजही टीव्हीतूनच हवा. कानात इयरफोन घालून मी एकटीने ऐकून काय करू? मला तर सभा भरवायची होती!

हे असताना काय, एक वायर, खट्, झालं. आता ती वायर कुठली? खोकं उघडलं तर आत वायरींचं वारूळ! एकेक लावून बघतेय, जाड बसत नाही, बारीक सुटते. शेवटी एक चपटी बसली. दुसरं टोक टीव्हीच्या मागे... गाल भिंतीला, केसांत जळमटं, बोटांनी भोक चाचपतेय... बसलं! आणि टीव्ही म्हणतो, "सिग्नल नाही." लेकीला फोन.

"आई, रिमोटवर सोर्स दाब. टीव्हीला सांगावं लागतं कुठल्या भोकाकडे बघायचं."

"दाबलं."

"काय आलं?"

"तुझे काका आले."

आले ते थेट ह्यांच्या खुर्चीत! रेलून! म्हटलं, बसा, पोटभर जेवा, तुमची वेळ भरलीय. जेवणं झाली. मी पुन्हा सोर्स दाबलं, दाबलं, दाबलं... आणि भिंतभर हे!

निळा शर्ट. कॉलर एका बाजूने दुमडलेली. मी नीट करायला हात पुढे केला होता... जाऊ दे.

तर ओठ हलतायत, आणि आवाज नाही! टीव्हीचा आवाज वाढवला. चाळीस, साठ, शंभर! ढिम्म. आणि भाऊजी काय म्हणाले असतील? "बघा, ओठ बघा! 'दादा, हा टीव्ही तुझाच!' स्वच्छ दिसतंय. तो मला म्हणालाच होता!" माझ्या घरात, माझ्या पुराव्याला, माझ्यादेखत आपला आवाज लावला हो या माणसाने!

एवढ्यात सासूबाई हसायला लागल्या. त्यांना कित्येक वर्षं ऐकू येत नाही, सगळं ओठांवरून ओळखतात. मी धावले. खुणा करकरून विचारलं, "आई, काय म्हणतायत हे?"

"मी नाही सांगायची," म्हणाल्या. "दोघंही माझेच."

पुन्हा लेकीला फोन. "आई, तू आवाज टीव्हीचा वाढवतेस, पण लॅपटॉप तो टीव्हीकडे पाठवतोय कुठे? खाली कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र आहे, तिथे टीव्हीचं नाव निवड." म्हणजे एवढा वेळ ह्यांचा आवाज त्या बुडलेल्या स्पीकरच्या घशात जात होता! निवडलं. व्हिडिओ पहिल्यापासून लावला. आणि टीव्ही शंभरावर आहे, हे कोणाच्या लक्षात होतं?

"दादा! मेलो तरी हा तुला देणार नाही!"

काचा थरथरल्या! भाऊजींचा चष्मा नाकावरून घसरला! आणि सासूबाई... सासूबाईंनी वळून दाराकडे बघितलं, जणू हे आत्ताच घरात शिरलेत.

मी विजयी मुद्रेने भाऊजींकडे वळतेय, तोवर पुढचं वाक्य. हे मी साफ विसरले होते! मागे माझंच हसणं ऐकू येतंय, आणि हे म्हणतायत, "बघायचा तर रोज इथे येऊन बघ. ही चहा करेल!"

मग भाऊजींनी चष्मा पुसला, डोळे पुसले, आणि म्हणाले, "ऐकलंस? आता तर पुरावाच आहे."

तेव्हापासून रोज येतात हो! बातम्या नाहीत, सामना नाही. "तेवढं लाव ना," म्हणतात, तेवढंच बघतात, त्याच जागी हसतात, आणि चहाची वाट बघत बसतात. मी काय कच्ची आहे? सूड म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांच्या चहात साखरेचा कणही घातला नाही. बघू म्हटलं, किती दिवस टिकतात! तर काल रिकामा कप खाली ठेवून म्हणाले, "मला मधुमेह निघालाय. आमच्या घरी कोणाच्या लक्षात राहत नाही. तू मात्र न सांगता सांभाळतेस."

आता सांगा, सूड घ्यायचा म्हणून साखर घालावी, तर खुनाचा आळ यायचा!