कालव्यावरच्या पुलाबाबत पुरवणी जबाब

जबाब देणार: ट्रकचालक. वय ३८ वर्षे. राहणार: गोदामामागची वसाहत, खोली क्रमांक ६. ट्रकतळावरचे चालक मला ‘नकाशा’ म्हणतात, कारण रस्ता दाखवणारं मशीन कुणाचंही अडलं की ते माझ्याकडे येतात.

मी कुणी बोलावलेलं नसताना ठाण्यात हजर होऊन सांगतो की, कालव्यावरच्या अपघाताबाबत परवा दिलेल्या माझ्या जबाबात एक गोष्ट राहून गेली. राहून गेली असं लिहू नये. ती मी सांगितली नव्हती.

पुलावरून कोसळलेल्या ट्रकचे चालक हे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. वय ५६. मला स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं. ते रस्ता विचारत विचारत जाणारे. गेल्या वर्षी कंपनीने प्रत्येक गाडीत मशीन बसवलं. त्यातली बारीक अक्षरं दाजींना चष्मा लावूनही दिसत नाहीत, म्हणून पत्ता मीच टाकून देतो.

मशीनमध्ये वाहनाचा प्रकार निवडावा लागतो. ‘ट्रक’ ठेवलं आणि वजन-उंची भरली, तर ते अरुंद रस्ते आणि कच्चे पूल टाळून नेतं. ‘कार’ ठेवलं तर जवळचा रस्ता दाखवतं. त्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता तळावर मी दाजींच्या मशीनमध्ये ‘ट्रक’ काढून ‘कार’ केलं. माझ्याही केलं. दाजींना सांगितलं नाही.

कारण विचारल्यावरून सांगतो की, ट्रकचा रस्ता एकेचाळीस किलोमीटर जास्त होता. आम्हा दोघांचा माल जायचा त्या कारखान्याचं फाटक दुपारी एक वाजता बंद होतं. चुकलं तर माल दुसऱ्या दिवशी उतरतो. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. मागच्या दोन्ही वेळी मी गेलो नव्हतो. असं मी आधीही केलं होतं, काही झालं नव्हतं.

दाजींच्या गाडीत लोखंडी पाइप होते, गाडीसकट वजन चोवीस टन. माझ्या गाडीत कागदाचे रीळ. दाजी पुढे, मी मागे. अकरा वाजून वीस मिनिटांनी मशीनने मोठ्या रस्त्यावरून डावीकडे वळवलं. रस्ता कालव्याच्या बांधावरून जाणारा, एका गाडीपुरता. तीन किलोमीटरवर पूल लागला. दाजींनी गाडी थांबवली, खाली उतरले, पुलावर चार पावलं जाऊन टाच आपटून पाहिली. मग मला फोन केला.

म्हणाले, “पूल मला बरा दिसत नाही रे. ट्रकला असा रस्ता कसा काय दाखवतंय हे?”

मी म्हणालो, “मशीनला सगळं ठाऊक असतं, दाजी. आणि आता मागे घेणार कुठून? चला तुम्ही.”

मग म्हणाले, “बरं. पण तू तिथंच थांब. मी पार झालो, हात केला, की मगच ये.”

त्या वेळी मी सांगू शकत होतो. एवढंच लिहावं.

अकरा चाळीसला गाडी पुलावर गेली. पुढची चाकं पलीकडे टेकत आली असताना मागचा पूल खचला. गाडी मागे बसली आणि डावीकडे कलंडून कालव्यात गेली. मी धावत गेलो. केबिनमध्ये छातीपर्यंत पाणी होतं. दाजींचा डावा पाय स्टिअरिंगखाली दबलेला. मशीन वर अडकलेलं होतं आणि सरळ जा, सरळ जा म्हणत होतं. मला ते बंद करता येईना. शेवटी उपटून पाण्यात टाकलं. परवा मी ते अपघातात हरवल्याचं सांगितलं, ते खोटं आहे.

दाजी शुद्धीत होते. मला म्हणाले, “तुझी गाडी उतारावर आहे. हँडब्रेक ओढलास ना?”

मी ओढला नव्हता. जाऊन ओढून आलो.

जवळच्या लाकडाच्या वखारीतली दोन माणसं जॅक आणि पहार घेऊन आली. त्यांनी पाय मोकळा केला. मी दाजींचं डोकं पाण्याच्या वर धरून होतो. वजनाच्या मर्यादेची पाटी गवतात पालथी पडलेली होती, ती त्यांनीच दाखवली. आठ टन. रुग्णवाहिका बारा पस्तीसला आली. संध्याकाळी डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली काढला.

दवाखान्यात घेतलेल्या जबाबात दाजींनी ‘मशीन नीट बघितलं नाही, चूक माझीच’ असं सांगितल्याचं मला काल बहिणीकडून कळलं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. काल मी या ठाण्याच्या फाटकापर्यंत दोनदा येऊन परत गेलो.

आज सकाळी नऊ वाजता मी दाजींना खरं ते सांगितलं. बहीण तिथेच त्यांची उशी नीट करत होती.

दाजी म्हणाले, “हा रस्ता ट्रकचा नाही, हे पुलावर उतरलो तेव्हाच कळलं होतं मला.”

मी विचारलं, “मग गेलात कशाला?”

ते म्हणाले, “आधी कळलं, मग तू चला म्हणालास. वाटलं, माझंच चुकत असेल. हल्ली सगळे तेच म्हणतात. आता तू गप्प बस. माझी गाडी तर गेलीच, तुझी तरी राहू दे.”

बहिणीने माझी चप्पल पलंगाखालून पायाने पुढे सरकवली. मी चप्पल घातली आणि सरळ इथे आलो.

दाजींवरचा चुकीचा ठपका काढावा. मशीनचा प्रकार मी बदलला. ‘चला’ मी म्हणालो.

हा जबाब अंमलदारांनी मला वाचून दाखवला. ‘त्या वेळी मी सांगू शकत होतो’ हे वाक्य ठेवायचं का, असं त्यांनी विचारलं. ठेवायचं आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे, म्हणून खाली सही करतो.