नाळेवरचा पट्टा

(हेमाली तळासरीच्या कॉलेजात, सभागृहाबाहेर उभी. फोनवर आई शांती, डहाणूच्या किनाऱ्यावर.)

हेमाली : ते राहू दे आई, आधी सांग, बाबा कुठे आहेत?

शांती : होडीजवळ असतील. मी इथे बोंबील टांगतेय, सकाळपासून मान वर नाही केली.

हेमाली : असतील नको. दिसतायत का?

शांती : इथून होडी दिसते, माणूस कसा दिसेल? झालं काय?

हेमाली : तू चालायला लाग. फोन बंद करू नको. काल बाबांना मनगटावर बांधायला पट्टा दिला ना मी?

शांती : तो काळा. हातात बांधला की ठोके मोजतो म्हणालीस.

हेमाली : तोच. कॉलेजात तब्येतीच्या यंत्रांची कार्यशाळा आहे, तिथे प्रत्येकाला घरच्या एका माणसासाठी दिलाय. आकडे थेट इथे येतात. आत्ता सरांनी सगळ्यांचे आकडे पडद्यावर लावले. बाबांच्या नावापुढे ठोकाच नाही, आई. सकाळपासून नाही.

शांती : अगं बाई! मशीन बिघडलं असेल.

हेमाली : मग गेल्या महिन्यात ते होडीत कोसळले, ते पण मशीन होतं? तूच मला म्हणालीस, ऊन लागलं.

शांती : त्यांनीच तसं सांगायला लावलं. पोरीचा अभ्यास बिघडेल म्हणाले. थांब, वाळूत पाय रुततायत... अहो! अहो, ऐकता का!

हेमाली : आई?

शांती : बसलेत! जाळं शिवत बसलेत, तोंडात विडी. घ्या, पोरगी आहे.

रामा : काय गं हेमू? क्लास सोडून फोन करतेस?

हेमाली : पट्टा कुठे आहे?

रामा : नाळेवर. होडीच्या टोकाला.

हेमाली : होडीला बांधलात?

रामा : मग? नवीन वस्तू आपल्यात आधी होडीला लागते. तुझ्या बारावीचे पेढे पण आधी नाळेपुढेच ठेवले होते की.

हेमाली : बाबा, मी भरल्या हॉलमधून पळत आलेय. चपला आतच राहिल्या.

रामा : होडीला ठोका नसतो, एवढं तरी कळलं ना तुझ्या सरांना.

हेमाली : हसू नका. आत्ता बांधा. मनगटावर, घट्ट. आणि ती विडी टाका.

रामा : संध्याकाळच्या भरतीला निघायचंय, जाळं अजून...

हेमाली : बांधा ना, बाबा!

शांती : बांधला, बाय. मीच बांधला.

हेमाली : थांबा. आला आकडा... हलू नका. हे काय... येतोय आणि मधेच थांबतोय. परत थांबला. एक मिनिट धरा, सरांना दाखवते.

शांती : काय म्हणतायत ते?

हेमाली : सर म्हणतात, पट्टा म्हणजे डॉक्टर नव्हे. पण आजच दाखवा. समुद्रात नको.

रामा : हेच. हेच नको होतं मला.

शांती : म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?

रामा : बांधला तो रीत म्हणून. सकाळी पूजा झाल्यावर सोडून हातात घालायचा होता. हात जाईना. यात काही निघालं, की तुम्ही दोघी मला परत होडीवर पाय ठेवू देणार नाही. मग मी काय करू? घरात बसून माशा मारू?

हेमाली : सकाळी सर कातडीखाली बसवायचं, ठोके टिपणारं यंत्र दाखवत होते. इतकुसं, तांदळाएवढं. सगळे वाकून बघत होते आणि मला नुसते तुम्ही दिसत होतात, होडीत पडलेले. मला भीती वाटते, बाबा.

रामा : रडतेस का गं?

हेमाली : हो.

रामा : टाकली बघ विडी.

हेमाली : आणि दवाखान्यात?

रामा : जातो. तू कशी येणार?

हेमाली : चारोटीपर्यंत जीप, तिथून मिळेल ते. तुम्ही दवाखान्यात पोचा, मी तिथेच येते.

रामा : आधी चपला घाल. शांते, आपल्या होडीवरच्या धर्मेशला सांग, आज त्यानेच होडी काढावी. मी येत नाही.

शांती : आणि पट्टा? परत नाळेला बांधू?

रामा : नको, असू दे माझ्या हातात. होडीला शेवंतीची माळ घाल. मोकळी नको जायला.