पाराची पूर्व बाजू

पांडुरंगा, या जिभेवर आज सत्य असू दे — आणि ते मोजके असू दे. तर चिटणीससाहेब, आपण विचारता आहात की नातीच्या विलायतेस जाण्याला माझा विरोध आहे का. विरोध? मुळीच नाही. निधी आपला, शिष्यवृत्ती आपली, नात माझी — संमतिपत्र समोर आहे, सही तेवढी राहिली आहे. परंतु दान अपात्राच्या हाती पडू नये, एवढे पाहणे पालकाचे कर्तव्य नव्हे काय? — चहा घ्या, निवतो आहे. — वेणू वास्तुशास्त्राची पदवीधर झाली, घरे बांधायला शिकली, इथवर मी समजू शकतो. आता ही वरची पदवी कशाची, तर लँडस्केप आर्किटेक्चरची. म्हणजे काय, म्हणून मी विचारले. म्हणाली, आजोबा, झाड कुठे असावे, पाणी कुठून जावे, माणसाने कुठे बसावे, याचा अभ्यास. दोन वर्षे! अहो, आमचा गणू माळी दुसरीतून शाळा सोडून हेच करतो आहे.

तिची अपात्रता एका उदाहरणाने सांगतो. आमच्या देवळाच्या पटांगणात पिंपळाचा पार आहे. दर एकादशीला दुपारी चार वाजता तिथे माझे निरूपण — एकतीस वर्षे, खंड नाही. पूर्वी पटांगण भरत असे. हे मी नव्हे, लोक सांगतात. पुढे श्रोते अर्ध्यातून उठू लागले. का उठावेत? कलियुग, दुसरे काय? पश्चिमेकडचा आंबा वादळात पडला, त्याच सुमारास ही अश्रद्धा सुरू झाली — निव्वळ योगायोग. सात वर्षे मी कलियुगावर बोललो, आणि जितके बोललो तितके श्रोते घटले — म्हणजे माझे म्हणणे सिद्धच झाले की नाही? आणि ही मुलगी काय करीत होती? सुटीत आली की एकादशीच्या सकाळपासून तासातासाला फरशीवर कोळशाने रेघा ओढीत होती. देवाचे पटांगण काळे करतेस, म्हणून चार लोकांत मी तिला बोललो. तिने रेघा वहीत उतरवून घेतल्या आणि सायंकाळी फरशी स्वतः धुतली. मग एके दिवशी म्हणते, आजोबा, आपली बैठक पाराच्या पश्चिमेला आहे, ती पूर्वेला न्यावी. माझ्या गुरूंनी मांडलेली बैठक — माझ्यावर कापडी छत, पुढे श्रोते! नाही म्हणालो.

माघात मी तापाने पडलो. दोन एकादश्या शिरढोणच्या दाजीने निभावल्या — आवाज बरा, पाठांतर कच्चे. दोन्ही वेळा पटांगण भरले, आरतीपर्यंत कोणी हलले नाही. मला झोप लागेना, आणि ती तापामुळे नव्हे. मत्सरावर मी पन्नास वेळा तरी निरूपण केले असेल, साहेब. त्याची ओळख मात्र त्या पंधरवड्यात झाली. बरा होऊन जातो, तो बैठक पूर्वेला! दाजीचा चाळा असे समजून मी ती पुन्हा पश्चिमेला आणवली आणि अश्रद्धेवर असा कडाडलो की निम्मे उठले. तेव्हा मिठागरावर खपणारी ठमाबाई — पदर सारखा करीत, भर सभेत म्हणाली, "बुवा, देवाला देऊल, तुमाला छत. आमी काय सुकट हाव, उनात वालत घालायला?"

लोक हसले. वेणू हसली नाही. घरी येऊन, बैठक आपणच हलवली होती असे तिने सांगितले आणि वही वाचून दाखवली. कोळशाच्या रेघा सावल्यांच्या होत्या. चार वाजता पिंपळाची सावली पूर्वेला पडते. पश्चिमेला पूर्वी आंब्याची पडत असे. सात वर्षे मी ज्याला कलियुग म्हणत होतो, ते पश्चिमेचे ऊन होते. — पुढच्या एकादशीला बैठक पूर्वेला गेली. कोणी नेली? मीच. पण पंचांगातला मुहूर्त धरून. तिच्या सांगण्यावरून नव्हे.

तात्पर्य, तिला येते ते येतेच, मग समुद्र ओलांडायचा कशाला? झाडे काय पनवेलीत नाहीत? तळी नाहीत? आणि पहाटेची पोथी — ती आता वेणूच वाचते. मला अक्षरे दिसेनाशी होऊन वर्ष झाले. निरूपण पाठ आहे, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. आपणही बोलू नका. ती वाचते, अडते, अर्थ विचारते, आणि मला वाटते, आपण अजून… असो. ते आपल्या चौकशीत येत नाही.

आपण लिहिता काय आहात? वाचा पाहू. — 'अत्यंत पात्र'? अहो, मी तिची अपात्रता सांगत होतो! — काय म्हणालात? याहून चांगली शिफारस निधीकडे आजवर आलेली नाही? —

बरे. आणा तो कागद. सहीच्या जागी माझे बोट टेकवा. — इथे? — झाली. आत ती दाराआड उभी असेल. तिला जाता जाता आपणच सांगा, मला बोलवणार नाही. निघा आता, साडेपाचची एसटी थांबायची नाही. जे ऐकतात त्यांचे कल्याण असो. ज्या घरांतून मुली शिकायला निघाल्या त्या घरांचे, आणि ज्या घरांत त्या अजून उंबऱ्याशी थांबल्या आहेत त्यांचेही, पांडुरंग भले करो.