पोटातलं घर

(मोहिनी धुळ्याहून अमळनेरला येणाऱ्या एसटीत. तिची आत्या भिकुबाई अमळनेरच्या घरी, मोहिनीची लहान मुलगी डिंपल तिच्याजवळ. फोनवर.)

मोहिनी : कानात काय टाकलं म्हणालीस?

भिकुबाई : समुद्रफेन. सहाणेवर घासलं, कागदाची नळी केली, फुंकलं. कान वाही राह्यना डिंपलचा. तुझ्या कानातपण टाकायची मी, तू इतलीशी होतीस तेव्हा.

मोहिनी : आणि आई तुला रागवायची.

भिकुबाई : रागवायची? हातातून हिसकून शोकेसमध्ये ठेवलं वहिनीनं. म्हणे, कानात नाही ताई, काचेत. मग कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवाले लई जाये.

मोहिनी : माझी पोर एवढी का रडतेय?

भिकुबाई : टाकल्यापासून जास्तच रडी राह्यनी.

मोहिनी : आत्या, तुकडा कुठून घेतलास? शोकेस तर आईच्या तेराव्यानंतर आपण रिकामं केलं.

भिकुबाई : डब्यातून.

मोहिनी : कोणत्या? शोकेसमधलं सामान आणि भिंतींना लावून उरलेला चुना, दोन्ही एकाच फळीवर आहेत. डबेही सारखेच.

भिकुबाई : मोतीबिंदू पिकेल शे माझा, तुले माहीत नही का? पांढरं होतं. भुगा पडत होता.

मोहिनी : चुन्याचाही पडतो. कळीचा चुना आहे तो. ओल्या कानात गेला तर आतून भाजेल.

भिकुबाई : अरे देवा. पाण्यानं धुते मी—

मोहिनी : नको! थेंबसुद्धा नको, ते डॉक्टर बघतील. शेजारच्या कौतिकभाऊंना हाक मार, रिक्षा काढू दे.

भिकुबाई : ओ कौतिकभाऊ! रिक्षा काढा, पोरीले दवाखान्यात न्यायचं शे!

मोहिनी : उरलेला तुकडा हातात घे. एका बाजूला कडक पाठ लागते? दुसरीकडे पापुद्रे, वहीच्या पानांसारखे?

भिकुबाई : बोटाच्या पेराएवढा राहिला. बठ्ठ्या बाजू सारख्याच लागतात.

मोहिनी : मग पातेल्यात पाणी घे.

भिकुबाई : घेते. तू बोलत राहा, माले भ्याव वाटस. वहिनी पोरांना सांगायची ना, ते सांग.

मोहिनी : आत्ता? ...बरं. सगळे समुद्रातले शीर्षपाद प्राणी, डोक्यालाच पाय फुटलेले. नॉटिलसचं घर पाठीवर. आत खोल्या, भिंती साध्या वळणाच्या, मधून एक नळी. अमोनाइटचंही पाठीवरच, पण नळी बाहेरच्या कडेनं आणि भिंतींच्या कडा झालरीसारख्या. ते सगळे मेले, दगड उरले. ऑक्टोपसला घरच नाही. आणि माकूळ...

भिकुबाई : माकूळनं घर गिळून टाकलं.

मोहिनी : हो. पोटातलं घर. तेच समुद्रफेन. त्यातही खोल्या असतात, बारीक, आणि खोल्यांत हवा. म्हणून ते तरंगतं. चुना बुडेल, फसफसेल, पाणी तापवेल.

भिकुबाई : टाकू?

मोहिनी : टाक. हात लांब ठेव.

भिकुबाई : टाकलं.

मोहिनी : काय झालं?

भिकुबाई : बुडबुडा आला. अजून एक आला.

मोहिनी : वाफ? आवाज?

भिकुबाई : पोर कानाशी रडते, आवाज कसा कळेल!

मोहिनी : पातेल्याला बाहेरून हात लाव.

भिकुबाई : ...थंड शे.

मोहिनी : तुकडा कुठे आहे?

भिकुबाई : दिसत नही ना बाई. थांब, बोट फिरवून पाहते.

मोहिनी : बोट नको, आत्या!

भिकुबाई : लागलं. वरच शे, मोहिनी! दाबलं तरी परत वर येतंय.

मोहिनी : वरच आहे. वरच आहे.

भिकुबाई : रडतेस का?

मोहिनी : नाही. बसमध्ये आहे मी. दवाखान्यात जाच. कानाचा पडदा फुटला असेल तर ही पूडही वाईटच. डॉक्टरांना सगळं सांग, लपवू नकोस.

भिकुबाई : सांगते. वहिनी असती तर आज झोडपलं असतं माले.

मोहिनी : झोडपलं असतं.

भिकुबाई : आली रिक्षा. हे पाणी ओतून देऊ का?

मोहिनी : नको आत्या. मी येईपर्यंत तरंगू दे.