रिंगवरचा केस

कॅन्सरच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या मास्तरांच्या कानावर शेजारच्या मायलेकींचं बोलणं पडत होतं.

"उशीर का गं केलास?"

"पाण्याखालच्या रोबोचा डबा गळत होता, आई. आतली हवा ओढून काढली की दाबाचा काटा जागचा हलायला नको. आज मेला हलतच राहिला."

"मग?"

"उघडून बघितला. झाकणाच्या रबरी रिंगवर केस! नखाएवढा, पांढरा."

"एवढ्याशा केसानं गळतं?"

"पाण्याला तेवढी वाट पुरते. साहेब ओरडले, केस कुणाचा म्हणून."

"कुणाचा होता?"

"माझ्या स्वेटरवरून गेला असणार. काल खांद्यावर डोकं टेकून झोपलीस ना?"

"चल, काहीतरीच! माझ्या डोक्यावर कुठले आलेत केस?"

"आरसा बघायचंच सोडलंयस तू. रुमालाखाली हात घाल बघू."

"...अगं बाई! टोचतायत की गं!"