सावळा पाथरवट आणि घरचा पाटा

मंडळी, ऐका! आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या — माणसाची किंमत कळायला माणूस मरावाच लागतो का? नुसती मान डोलवू नका, काका, उत्तर द्या!

आपल्या कॅम्पातलं गोऱ्यांचं जुनं कब्रस्तान पाहिलंय ना? त्यात मधोमध ती संगमरवरी कबर — चार खांब, वर छत्री, कोपऱ्याकोपऱ्यात पंखवाले देवदूत, आणि शिळेवर दगडाचीच चादर. चुण्या अशा, की वाटतं वाऱ्यानं हलतील! ती घडवली सावळा पाथरवटानं. साहेबाची मडम तापानं गेली, विशीतली पोर. साहेबानं बोटीनं दगड आणवला आणि सावळा दोन वर्षं त्याला भिडला.

घरी बायको गजरा. छातीनं अधू, चार पावलं चालली की धाप. रोज म्हणायची, "अवं, पाट्याला टाकी लावा की. पार गुळगुळीत झालाय. मिरची वाटता वाटता जीव जातोय माझा."

"उद्या लावतो गं."

टाकीचे ठोके मारून पाटा पुन्हा खरबरीत करायचा, किती वेळाचं काम? घटकाभराचं! देवदूताच्या एकेका पिसाला चार-चार दिवस, आणि घरच्या पाट्याला घटका मिळेना. बरं, दारावरून टाकीवाली ओरडत जायची. गजरा हाक मारायला उठली, तर हा म्हणाला, "पाथरवटाच्या घरी दुसऱ्याची टाकी? लोक तोंडात शेण घालतील." बसली बिचारी खाली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

एकदा साहेब कबरीपाशी आला. मोडक्या मराठीत म्हणाला, "सावळा, तिला बागेत झोपाळा पाहिजे होता. मी रोज उद्या म्हणालो." साहेब रडला. सावळाही रडला — अगदी हुंदके देऊन! मग घरी जाऊन टाकी लावली का? छे! गजरानं धापा टाकत वाटलेलं कालवण जेवला आणि झोपला.

कबर पुरी झाली, त्याच महिन्यात गजरा गेली. पाट्याशी बसल्या जागीच कलंडली. तिच्या वाट्याला दगड आला तो केवढा? स्मशानात मडकं फोडतात आणि दहाव्यापर्यंत जपतात तो जीवखडा, मुठीत मावेल एवढा.

दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं, सोयरे खोळंबले. सावळा पिंडापुढे हात जोडून म्हणाला, "गजरे, पाट्याला टाकी लावतो उद्या." जिभेची सवय, मंडळी! कावळा जागचा हलला नाही. सावळाच्या तोंडचं पाणी पळालं. "आज लावतो गं. आत्ता लावतो." तेव्हा कुठं कावळा उतरला.

जीवखडा नदीत सोडून तो घरी आला, टाकी घेऊन बसला. घटकाभरात पाटा नवा झाला. त्यावर वाटायला कुणी नव्हतं.

डोळे भरलेत तुमचे, दिसतंय मला. पण साहेबाच्या झोपाळ्यासाठी सावळाही रडला होता! दुसऱ्याच्या गोष्टीवर रडणं सोपं असतं. तुमच्याही घरी कुणीतरी कधीपासून काहीतरी मागतंय — क्षुल्लक, घटकाभराचं. आठवलं? मग आरतीला थांबू नका. आरती मी करतो, देव रागावणार नाही. तुम्ही उठा आणि घरी जा.